'जुने ते सोने' : टिकाऊ उपकरणे आणि अभिजात व्हिडिओ गेम यांविषयीच्या लोकमतांची समीक्षा

प्रास्ताविक

घरगुती वापराच्या उपकरणांविषयी सर्वसामान्य माणूस जी मते व्यक्त करतो, त्यांची दखल विद्याव्यवहारात क्वचितच घेतली जाते. कादंबरीविषयीचे वाचकाचे मत किंवा निवडणुकीविषयीचे मतदाराचे मत यांना अभ्यासविषय होण्याचा मान मिळाला आहे. मनगटी घड्याळ, मोबाइल वा व्हिडिओ गेम यांच्याविषयीचे मत मात्र गप्पांचा भाग समजून सोडून दिले जाते. वस्तुतः अशा मतांमागे एक मूल्यव्यवस्था उभी असते. 'पूर्वीच्या वस्तू टिकायच्या', 'हल्ली कंपन्या मुद्दाम लवकर बिघडणारा माल काढतात', 'जुन्या गेममध्ये चित्रे साधी होती, पण मजा होती' ही विधाने स्टाफरूमपासून एस.टी.च्या प्रवासापर्यंत कोठेही ऐकावयास मिळतात. ती करणारा माणूस केवळ वस्तूचे गुणदोष सांगत नसतो. पूर्वीचा निर्माता सचोटीचा होता, ग्राहकाला दिलेल्या पैशाचा मोबदला मिळत होता आणि आता तसे राहिलेले नाही, असा एक नैतिक निवाडा तो देत असतो.

या निवाड्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. टिकाऊपणाविषयीच्या लोकमतात तीन वेगवेगळ्या क्रिया एकमेकींत मिसळलेल्या आढळतात : वस्तूचे टिकणे, वस्तूचे दुरुस्त होणे आणि वस्तूचे जपले जाणे. पहिलीचे श्रेय निर्मात्याचे, दुसरीचे कारागिराचे आणि तिसरीचे वापरणाऱ्याचे. लोकमत या तिन्हींचे श्रेय निर्मात्याच्या पदरात टाकते. तथापि एवढे दाखवून 'स्मरणरंजन' असा शेरा मारणे आणि विषय मिटवणे हेही न्याय्य ठरणार नाही. या मतात एक रास्त तक्रार आहे. फक्त ती भलत्या नावाने मांडली जाते. व्हिडिओ गेमचे उदाहरण येथे विशेष उपयोगी पडते, कारण त्यात यंत्र आणि कृती ही दोन्ही एकाच वेळी टिकावी लागतात. कादंबरीची जुनी प्रत फाटली तरी नवी आवृत्ती निघू शकते. गेमच्या बाबतीत यंत्र गेले की कृतीही बहुधा अबोल होते.

फुंकरीची आठवण

जुन्या व्हिडिओ गेमविषयी बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण एक आठवण हमखास सांगतो : गेम चालू झाला नाही की 'कॅसेट' बाहेर काढावयाची, तिच्या तोंडाशी जोराने फुंकर मारावयाची आणि पुन्हा बसवावयाची. अमेरिकेत वाढलेला माणूस आणि महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी वाढलेला माणूस या एका कृतीबाबत एकमेकांना तत्काळ ओळखू शकतात. या आठवणीकडे समीक्षकाने मात्र थोडे थांबून पाहावयास हवे.

निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिली कॉम्प्युटर' अर्थात फॅमिकॉम हा कन्सोल जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आला. त्यात कार्ट्रिज वरून बसविले जात असे. १९८५ मध्ये तोच कन्सोल अमेरिकेत नेताना त्याचे रूप बदलण्यात आले. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता आणि दुकानदार त्या नावालाही विटले होते. म्हणून नवे यंत्र व्ही.सी.आर.सारखे दिसावे, कार्ट्रिज पुढून आत सरकावे आणि मग खाली दाबले जावे, अशी रचना करण्यात आली. या रचनेतील ७२ पिनांचा जोड वापराने सैल पडत असे. शिवाय परवाना नसलेले गेम चालू नयेत म्हणून कन्सोलमध्ये व कार्ट्रिजमध्ये एकेक कुलूप-चिप बसविलेली होती. त्या दोघींचा संपर्क क्षणभर जरी तुटला तरी यंत्र पुनःपुन्हा नव्याने सुरू होई व पडदा लुकलुकत राही. पुष्कळदा गेममध्ये बिघाड नसे. कुलपाला किल्ली पटत नसे इतकेच.

फुंकरीने यात काय साधत होते? फुंकरीतील ओलावा तांब्याच्या पट्ट्यांवर बसून कालांतराने त्या गंजण्यास मदतच होत असे, आणि फुंकर मारू नये अशी सूचना निन्टेन्डोने दिलेलीही होती. गेम चालू होत असे तो कार्ट्रिज काढून पुन्हा बसविल्यामुळे. पट्ट्यांचे घर्षण होऊन संपर्क नव्याने जुळत असे. श्रेय मात्र फुंकरीला मिळाले, कारण ती करणाऱ्याच्या श्वासाची होती. भारतात पोहोचलेल्या नकली यंत्रांत कुलूप-चिप नव्हती; तेथे अडचण धुळीची आणि मळलेल्या पट्ट्यांची होती. उपाय मात्र तोच राहिला.

म्हणजे जुन्या यंत्राच्या भक्कमपणाची साक्ष म्हणून जी आठवण सर्वाधिक प्रेमाने सांगितली जाते, ती मुळात एका बिघाडाची आठवण आहे. ही विसंगती लोकमताला जाणवत नाही, आणि त्याला कारण आहे. तो बिघाड दहा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातला होता. सेवा केंद्राचा फोन नाही, पावती नाही, 'पार्ट येत नाही' हे उत्तर नाही. यंत्र रुसले आणि त्याची समजूत काढता आली. टिकाऊपणा या शब्दाने लोक ज्याची प्रशंसा करतात, त्याचा पुष्कळसा भाग बिघाड न होण्याचा नसून बिघाडावर स्वतःचा अधिकार चालण्याचा असतो.

१९८९ मधील दोन वस्तू

टिकाऊ तंत्रवस्तूंच्या चर्चेत पुनःपुन्हा येणाऱ्या दोन वस्तू एकाच वर्षी, १९८९ मध्ये, जपानमध्ये जन्मास आल्या : निन्टेन्डोचा 'गेम बॉय' आणि कॅसिओचे 'एफ-९१डब्ल्यू' हे अंकदर्शक घड्याळ. दोन्हींच्या वाट्याला नंतर आलेली कीर्ती त्यांच्या निर्मितीच्या वेळी कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही. दोन्ही स्वस्त वस्तू होत्या.

गेम बॉयची निर्मिती गुनपेई योकोई यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. योकोई १९६५ मध्ये निन्टेन्डोत रुजू झाले ते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी. ही गोष्ट त्यांच्या पुढील कामाकडे पाहताना विसरता येत नाही. त्यांचे एक सूत्र प्रसिद्ध आहे. अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या मागे न लागता, ज्याचे गुणदोष पूर्णपणे ठाऊक झाले आहेत आणि जे स्वस्त झाले आहे, अशा तंत्रज्ञानाचा आडव्या, अनपेक्षित दिशेने उपयोग करावा. अशा तंत्रज्ञानासाठी त्यांनी वापरलेल्या जपानी शब्दाचा अर्थ 'वाळलेले, सुकलेले' असा सांगितला जातो. मराठीत त्यासाठी 'मुरलेले' हा शब्द अधिक समर्पक ठरेल. लोणचे मुरते त्या अर्थाने. १९८० मध्ये आलेल्या 'गेम अँड वॉच' या छोट्या खेळण्यांत त्यांनी कॅल्क्युलेटरचा मुरलेला पडदा वापरला होता. गेम बॉयचा पडदाही १६० गुणिले १४४ बिंदूंचा, चार छटांचा, मागून प्रकाश नसलेला होता.

त्याच सुमारास आलेले प्रतिस्पर्धी तांत्रिकदृष्ट्या निःसंशय सरस होते. अटारीचा 'लिंक्स' १९८९ मध्ये आणि सेगाचा 'गेम गिअर' १९९० मध्ये आला. दोहोंचे पडदे रंगीत व प्रकाशमान होते. परंतु त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल पुरत आणि खेळ दहा तासांहून अधिक चाले. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जगभर ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग विकले गेले.

येथे लोकमताची बाजू बळकट दिसते : साधे ते टिकले, भपकेबाज ते गेले. गेम गिअरच्या बोर्डावरील कॅपॅसिटरांमधून कालांतराने द्रव गळू लागतो, आवाज जातो, पडदा फिका पडतो; आज त्या यंत्राचे चालू स्थितीतील जुने नग बहुधा कॅपॅसिटर बदललेले असतात. तथापि गेम बॉयही निर्दोष राहिलेला नाही. त्याच्या पडद्यावर उभ्या रेघा दिसेनाशा होण्याचा दोष सर्वपरिचित आहे. पडद्याला जोडणाऱ्या पट्टीचा संपर्क सुटल्याने तो उद्भवतो आणि सोल्डरिंगच्या तप्त टोकाने ती पट्टी हलकेच दाबली की पुष्कळदा दूर होतो. साधेपणाचा खरा लाभ येथे आहे. गेम बॉय बिघडला नाही असे नाही. तो बिघडला तेव्हा काय बिघडले हे उघडून पाहणाऱ्याला कळू शकले.

एफ-९१डब्ल्यूची कथा याहून आटोपशीर आहे. त्याचा सेल सुमारे सात वर्षे चालतो, आणि ते तीन दशकांहून अधिक काळ जवळजवळ त्याच रूपात उत्पादनात राहिले. वीस वर्षे हेच घड्याळ वापरणारा माणूस प्रत्यक्षात त्या अवधीत दोन-तीन सेल आणि बहुधा एकाहून अधिक पट्टे बदललेला असतो. 'वीस वर्षांत काही झाले नाही' असे सांगताना तो ही गोष्ट मोजत नाही, कारण ती कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे पाच मिनिटांत उरकलेली असते.

वाचलेल्यांची साक्ष

लोकमताचा तर्कदोष कोठे आहे, हे पाहण्यासाठी एका प्रसिद्ध गेम बॉयचा दाखला उपयोगी आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला, आवरण वितळलेला एक गेम बॉय निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कमधील दालनात अनेक वर्षे प्रदर्शनात ठेवलेला होता, आणि त्यावर टेट्रिस चालू असे. पाहणाऱ्याच्या तोंडून सहज उद्गार निघे, 'असे आता होत नाही.' कोट्यवधी नगांपैकी एक नग बॉम्बहल्ल्यातून वाचला यावरून उरलेल्या नगांविषयी काय सिद्ध होते? जे नग शाळेच्या दप्तरात फुटले, ज्यांत सेलचा क्षार सांडला, जे भंगारात गेले, त्यांचे दालन कोणी मांडत नाही.

संख्याशास्त्रात या दोषाचा उल्लेख करताना अब्राहम वाल्ड यांचे नाव घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातील संशोधनगटात काम करताना, परत आलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणांवरून न परतलेल्या विमानांविषयी अनुमान कसे काढावे, हा प्रश्न त्यांनी सोडविला. परतलेल्या विमानांवर जेथे खुणा कमी, तेच स्थान घातक. कारण तेथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत. आजीचा तीस वर्षे चाललेला मिक्सर आणि काकांचा अद्याप वाजणारा रेडिओ ही परतलेली विमाने होत.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना या बाबतीत एक साधन उपलब्ध आहे, जे सामान्य ग्राहकाजवळ नसते. ते म्हणजे डेडस्टॉक नोंदवही. तिच्यात वाचलेल्या वस्तूंबरोबर गेलेल्या वस्तूंचीही नोंद असते : खरेदीची तारीख, किंमत आणि निर्लेखनाचा ठराव. कोणत्याही विभागाची वीस वर्षांची नोंदवही चाळली तर 'पूर्वीचे सगळे टिकायचे' या विधानाची परीक्षा तेथल्या तेथे घेता येईल. परंतु या नोंदवहीतही एक रकाना नसतो : वस्तू निकामी का झाली, हा. 'नादुरुस्त' या एका शब्दाखाली मोडलेली वस्तू, सुटा भाग न मिळालेली वस्तू आणि उत्तम चालत असूनही नवी प्रणाली तिच्यावर चालेना म्हणून बाद झालेली वस्तू अशा तिन्ही सरसकट लिहिल्या जातात. लोकमतातील गोंधळ असा सरकारी शाईनेही लिहिलेला आढळतो.

'कंपन्या मुद्दाम करतात' या मताविषयी थोडक्यात. त्याला ऐतिहासिक आधार आहे. विजेचे दिवे तयार करणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी १९२४ मध्ये जिनिव्हा येथे 'फीबस' नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणले आणि त्याहून अधिक टिकणारे दिवे काढणाऱ्या सदस्यांना दंड आकारला. याच्या विरोधी टोकाला कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळत असलेला दिवा दाखविला जातो. मात्र तो दिवा अत्यंत मंद जळतो. अभ्यासाला बसण्याइतका उजेड त्याखाली मिळणार नाही. तंतू कमी तापविला तर आयुष्य वाढते आणि प्रकाश घटतो, हा पदार्थविज्ञानाचा व्यवहार आहे. कट होता, आणि व्यवहारही होता. शिवाय अल्पायुषी वस्तू निर्मात्याच्या नेहमीच फायद्याची असते असेही नाही. २००५ मध्ये आलेल्या 'एक्सबॉक्स ३६०' या कन्सोलमधील उष्णतेने जोड निकामी होण्याच्या दोषापायी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली.

'कॅसेट' आणि अभिजाततेचे निकष

यंत्राकडून कृतीकडे वळताना महाराष्ट्रातील अनुभव वेगळा विचारात घ्यावा लागतो. १९९० च्या दशकात येथील मध्यमवर्गीय घरांत जे यंत्र आले, ते बहुतांशी निन्टेन्डोचे नव्हते. ती तैवान व चीनमध्ये तयार झालेली फॅमिकॉमची नक्कल होती आणि तिचे घरगुती नाव केवळ 'व्हिडिओ गेम' असे होते. कार्ट्रिजला आपल्याकडे 'कॅसेट' म्हटले गेले, कारण काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत मनोरंजन भरून मिळते ही कल्पना गाण्यांनी आधीच रुजविली होती. कॅसेटवर '९९,९९९ इन १' असा आकडा छापलेला असे आणि आत तेच दहा-वीस गेम नावे बदलून, कधी मधल्या टप्प्यापासून सुरू करून, पुनःपुन्हा भरलेले असत. त्या आकड्याची फसवणूक प्रत्येक मुलाला ठाऊक होती आणि कोणीही ती मनावर घेतली नाही, हे लोकमताच्या औदार्याचे उदाहरण म्हणून नोंदविण्यासारखे आहे.

या नकली यंत्रांनी एक गोष्ट घडविली, जिच्याकडे अभिजाततेची चर्चा करणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही : येथील 'अभिजात' गेमची यादी त्यांनी निश्चित केली. अमेरिकी खेळाडूच्या यादीत 'द लेजंड ऑफ झेल्डा' अग्रस्थानी असतो. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या या गेमच्या कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती साठविण्यासाठी सेल बसविलेला होता. एका स्वस्त बोर्डावर अनेक गेम कोंबणाऱ्या नकलकाराला असा महाग, सेलयुक्त गेम परवडणारा नव्हता. त्याला हवे होते ते आरंभीच्या काळातील लहान, साध्या बोर्डावर मावणारे गेम. म्हणून 'बॅटल सिटी' हा रणगाड्यांचा गेम, जो नामको कंपनीने १९८५ मध्ये जपानपुरता काढला होता आणि तेव्हा अमेरिकेत आलाच नव्हता, तो आपल्याकडे एका पिढीच्या स्मरणाचा भाग झाला. लोक ज्याला काळाची निवड म्हणतात, ती येथे काही अंशी बोर्डाच्या किमतीची निवड होती. मौखिक परंपरेत लहान, पाठ होणाऱ्या रचना अधिक टिकतात, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल. फरक इतकाच की येथे स्मरणशक्तीची मर्यादा माणसाची नसून चिपची होती.

तथापि केवळ स्वस्ताईने सर्व उलगडा होत नाही. त्याच कॅसेटवरील अनेक लहान गेम कोणाला आठवतही नाहीत. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा संपूर्ण गेम ४० किलोबाइटांत मावतो. जागा इतकी अपुरी होती की आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांसाठी एकच आकृती वापरली आहे. फक्त रंग बदलला आहे. पहिल्याच पडद्यावर मारिओ डाव्या बाजूस उभा, उजवीकडे मोकळी जागा. काही पावलांवर चालून येणारा शत्रू, त्यावरून उडी मारावी लागते, उडी मारताना ठोकळ्याला डोके लागते आणि त्यातून नाणे निघते. नियमपुस्तिका न वाचता खेळाडू नियम शिकतो. नकली कॅसेटबरोबर नियमपुस्तिका कधीच येत नसे आणि पडद्यावरचे इंग्रजी वा जपानी कळेलच अशी खात्री नसे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हा गेम कोणाच्याही मदतीविना खेळता आला, ही त्याच्या रचनेची कसोटी होती आणि ती त्याच्या कर्त्यांनी कल्पिलीही नसेल अशा ठिकाणी पार पडली.

'जुने गेम कठीण होते म्हणून चांगले होते' या मताचा विचारही येथेच करता येतो. कठीणपणाची कारणे पुष्कळदा कलाबाह्य होती. नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांत खेळाडू लवकर हरणे हा धंद्याचा भाग होता, आणि घरगुती कार्ट्रिजमध्ये थोडक्या जागेतील गेम लवकर संपू नये म्हणून तो अवघड ठेवावा लागे. पुनःपुन्हा हरणे ही सक्ती होती. मात्र सक्तीतून रूप निर्माण होणे ही बाब साहित्याच्या अभ्यासकाला नवी नाही. ओवीच्या चरणांची मर्यादाही पाठांतराच्या गरजेपासून सर्वस्वी अलिप्त नसावी. दोष कठीणपणाला गुण मानण्यात नाही. जे थोडे गेम न्याय्य रीतीने कठीण होते त्यांवरून सर्वच जुन्या गेमना ते प्रमाणपत्र देण्यात तो आहे.

टेट्रिस हे उदाहरण या सर्व चर्चेच्या पलीकडे जाते. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात 'इलेक्ट्रॉनिका ६०' या यंत्रावर तो रचला. त्या यंत्रावर चित्रे काढण्याची सोय नव्हती. ठोकळे अक्षरचिन्हांनी दाखविले जात. निन्टेन्डोच्या कन्सोलवरील १९८९ च्या आवृत्तीत २९ व्या पातळीनंतर ठोकळे इतक्या वेगाने पडतात की तेथे मानवी क्षमता संपते, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे खेळाडूंनी बटण दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या आणि २१ डिसेंबर २०२३ रोजी एका १३ वर्षांच्या अमेरिकी मुलाने १५७ व्या पातळीवर हा गेम गोठेपर्यंत खेळून दाखविला. चौतीस वर्षांनी, गेमच्या जन्मानंतर दोन दशकांनी जन्मलेल्या खेळाडूने, त्याचा शेवट प्रथम पाहिला. येथे टिकले ते काय? चिप टिकली हे खरेच; पण त्याहून अधिक, खेळणाऱ्यांची एक परंपरा टिकली. घराणे टिकते तशी.

विक्रीनंतरचे ऋण

आता लोकमतातील रास्त तक्रारीकडे येता येईल. २००० मध्ये आलेल्या 'नोकिया ३३१०' विषयीच्या विनोदांना अंत नाही. तो पडला तर फरशी फुटते, असा त्यांचा साधारण आशय. सुमारे १२ कोटी ६० लाख विकल्या गेलेल्या या फोनचे पडणे अनेकांनी पाहिलेले आहे : झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, फोन तिसरीकडे. तुकडे वेचून पुन्हा जोडले की तो चालू होई. जुळून आलेले सुटेपण हीच त्याची मजबुती होती. २०१७ मध्ये त्याच नावाचा नवा फोन भारतात ३,३१० रुपये किमतीला विक्रीस आला. किमतीतील हा योगायोग अर्थातच योगायोग नव्हता. लोकमतालाच विक्रेय वस्तू केले गेले होते. निन्टेन्डोनेही २०१६ मध्ये जुन्या कन्सोलची ३० गेम भरलेली चिमुकली प्रतिकृती काढली. तिच्यात नवे कार्ट्रिज बसविण्याची सोय नव्हती.

या वस्तूंची आजच्या वस्तूंशी तुलना केल्यास खरा भेद भक्कमपणाचा दिसत नाही. आजच्या फोनची काच, पाण्यापासूनचे संरक्षण, चिपची घडण ही अनेक बाबतींत पूर्वीपेक्षा सरस आहेत. भेद असा आहे की, गेम बॉय दुकानातून घरी आला त्या क्षणी निन्टेन्डोचा आणि त्याचा संबंध संपला. कंपनी बुडाली असती तरी टेट्रिस चालू राहिला असता. आजच्या वस्तूचे निर्मात्याशी असलेले नाते विक्रीने संपत नाही. परवानगी, अद्ययावतीकरण, दूरच्या सर्व्हरची साथ हे ऋण तिच्यावर कायम राहते, आणि ते वसूल केव्हा करावयाचे हे निर्माता ठरवितो. निन्टेन्डोने आपल्या '३डीएस' आणि 'वी यू' या यंत्रांसाठीचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी खरेदीसाठी बंद केले. केवळ तेथेच मिळणारे गेम त्या दिवशी विक्रीतून नाहीसे झाले. युबिसॉफ्टचा 'द क्रू' (२०१४) हा मोटारशर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच, तबकडी पैसे मोजून विकत घेतलेल्यांनाही, खेळता येईनासा झाला. तबकडी अखंड होती. 'टिकली' या शब्दाचा अर्थ अशा तबकडीबाबत काय करावयाचा, हा प्रश्न लोकमताला अद्याप नीट शब्दांत मांडता आलेला नाही. म्हणून ते 'पूर्वीच्या वस्तू टिकायच्या' हे हाताशी असलेले जुने वाक्य वापरते. युरोपात मात्र त्या तक्रारीला तिचे नाव मिळू लागले आहे. विकलेले गेम निकामी करू नयेत, या मागणीच्या नागरिक-उपक्रमावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

दुरुस्तीच्या बाजूनेही हेच दिसते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथील कारागिराने ज्या वस्तू दीर्घायुषी केल्या, त्या उघडता येत होत्या. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये शेती-अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने या चार क्षेत्रांसाठी माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. माहिती मिळणे हे आवश्यकच. परंतु गोंदाने चिकटविलेली बॅटरी माहितीने सुटत नाही.

कायदा आणि कपाट

जपणुकीचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि तेथे विद्यापीठे व महाविद्यालये यांना अंग चोरता येणार नाही. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन'ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. संशोधकांना असे गेम ग्रंथालयातून दुरस्थ पद्धतीने पाहता यावेत यासाठी केलेली सवलतीची मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. 'जुने ते सोने' म्हणणाऱ्या समाजाजवळ त्या सोन्याचा आठवा हिस्सा तेवढा राजरोस शिल्लक आहे.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. कलम ५२ मधील तिच्यानुसार अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक साधनांनी साठविता येते. अट अशी की त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असावी. कागदावरच्या पोथीसाठी ही अट रास्त आहे. व्हिडिओ गेमची अंकीय नसलेली प्रत मात्र अस्तित्वातच नसते; कार्ट्रिज हीच मुळात अंकीय वस्तू. त्याच कलमात संगणक-प्रणालीच्या कायदेशीर प्रतीच्या धारकाला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत करण्याची मुभा आहे. परंतु महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेली कॅसेट कायदेशीर प्रत नव्हती. परिणामी येथील एका पिढीने प्रत्यक्षात जे खेळले, ते नावे बदललेले, अर्धवट, मधूनच सुरू होणारे संच, ज्यांचे पुरावा म्हणून असलेले मोल मूळ जपानी कार्ट्रिजहून वेगळे आहे, ते जतन करण्याचा अधिकार कोणत्याच तरतुदीखाली स्पष्टपणे बसत नाही.

तांत्रिकदृष्ट्या हे काम अवघड नाही. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसता येतात, आणि चिपमधील मजकूर वाचून घेण्याची साधने प्रयोगशाळेतील सामान्य उपकरणांहून महाग नाहीत. इलेक्ट्रॉनिक्स, मराठी व समाजशास्त्र या तीन विभागांनी मिळून एका तालुक्यातील कपाटे आणि माळे पाहिले, प्रत्येक कॅसेटवरील छापील आकडा, आतील खऱ्या गेमची संख्या, खरेदीचे गाव, दुरुस्तीच्या खुणा आणि खेळणाऱ्यांनी गेमला दिलेली मराठी नावे नोंदविली, तर निदान सूची तयार होईल. सूची करण्यास कलम ५२ ची परवानगी लागत नाही.